बल्ब ‘बसतो’ एवढ्यावर विकू नका : मोटारींच्या सुट्या भागांच्या विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
मोटारींचे सुटे भाग व अ‍ॅक्सेसरीज विकणारे दुकानदार, हेडलाइटचे काम करणारे वायरमन आणि त्यांच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील संघटना यांस

सप्रेम नमस्कार.

मी चिपळूणच्या एका माध्यमिक शाळेत गेली १९ वर्षे विज्ञान शिकवते. माझे माहेर पाटणकडे असल्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट ओलांडणे होते, आणि शनिवारची शाळा आटोपून निघायचे म्हटले की निम्मा घाट अंधारातच चढावा लागतो. गाडी साधी आहे, हॅचबॅक, एकच मोठा बल्ब अप्पर आणि डिप्पर दोन्हींचे काम करतो त्या जातीची. गेल्या दोन वर्षांत हेडलाइटच्या बल्बसाठी मी तुमच्यापैकी तिघांच्या दुकानांत गेले. तिथे जे घडले ते तोंडी सांगून झाले, एका दुकानाला लेखी कळवूनही झाले. त्या लेखी तक्रारीनंतर पंधरवड्याने त्या दुकानाच्या काउंटरमागे एक छापील पाटी लागली : ‘लाइटचा माल परत घेतला जाणार नाही. लाइटची जबाबदारी गाडीमालकाची.’ तशाच अर्थाची पाटी मी नंतर कऱ्हाडलाही पाहिली. ती पाटी मला मान्य नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

प्रथम माझा या विषयाशी संबंध काय, ते सांगते.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमधल्या हजारो वाहनांसारखी आमची गाडीही पाण्यात उभी होती. ती धुऊन, वाळवून, इंजिनचे काम करून पुन्हा रस्त्यावर आली, पण त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात हेडलाइट थोडा थोडा मंद होत गेला. २०२३ च्या जूनमध्ये घाटात पांढरा पट्टा दिसेना, तेव्हा मी एका दुकानात गेले. दुकानदारांनी गाडीचे नाव विचारले, बॉनेटही न उघडता एक चकचकीत खोके काढले आणि सांगितले, “मॅडम, जुना पिवळा लाइट काढून टाका, हे एलईडी लावा, दिवसासारखं दिसेल. तुमच्या गाडीला फिट बसतं, वायरिंग कट करावी लागत नाही.” खोक्यावर २०,००० लुमेन (लुमेन हे उजेडाचे माप) लिहिलेले होते. ३,२०० रुपये देऊन मी ते बल्ब बसवून घेतले. अर्ध्या तासात काम झाले. फोकस, म्हणजे झोत नेमका कुठे पडतो ते, कुणी पाहिला नाही, आणि तो पाहावा लागतो हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हते.

दोन महिन्यांनी, ऑगस्टमधल्या एका रात्री, मी घराकडच्या अरुंद गल्लीत वळत असताना माझे धाकटे दीर समोरून स्कूटरवर येत होते. माझा लाइट डिप्परवरच होता. त्यांना समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसेना, गल्लीची कड चुकली आणि ते स्कूटरसकट उघड्या गटारात गेले. गळपट्टीचे हाड मोडले. सुतारकाम हा त्यांचा व्यवसाय आहे आणि उजवा हात खांद्याच्या वर नेताना आजही त्यांना कळ येते. त्यांनी मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. परंतु डिप्परवर असलेल्या गाडीने समोरच्याचे डोळे का दिपावेत, हा प्रश्न विज्ञान शिकवणाऱ्या बाईला टाळता येण्यासारखा नव्हता. तुमच्याकडे पुन्हा यायच्या आधी मी त्याचे उत्तर शोधले, ते असे.

आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत जो एच४ बल्ब असतो, त्याच्या आत टंगस्टनच्या दोन तारा असतात : अप्परची ६० वॅटची आणि डिप्परची ५५ वॅटची. डिप्परची तार जेमतेम पाच मिलिमीटर लांबीची असून तिच्याखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी बसवलेली असते. ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे डिप्परच्या वेळी रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि तिथून परतलेला प्रकाश खाली रस्त्याकडे जातो. भिंतीसमोर गाडी उभी केली तर जी स्वच्छ आडवी रेघ दिसते, वर काळोख आणि खाली उजेड, ती या वाटीची करणी आहे. आपण डावीकडून गाडी चालवतो म्हणून ती रेघ डाव्या बाजूला थोडी वर चढते, जेणेकरून कडेने चालणारा माणूस आणि मैलाचा दगड दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र उजेड जाऊ नये. रिफ्लेक्टरचा सगळा आकार त्या पाच मिलिमीटरच्या तारेचे स्थान धरून आखलेला असतो. बल्बच्या पत्र्याच्या चकतीला तीन कान असतात, एक रुंद आणि दोन अरुंद, ते याच कारणासाठी : बल्ब एकाच रीतीने बसावा आणि तार ठरलेल्या जागी यावी.

एलईडी बल्बात तार नसते. एका पट्टीच्या दोन बाजूंना चिपा चिकटवलेल्या असतात आणि वाटीची नक्कल म्हणून पत्र्याचा एक तुकडा जोडलेला असतो. चिपांमधल्या पट्टीला स्वतःची जाडी असते, प्रकाश तारेसारखा सर्व बाजूंना न जाता दोन बाजूंना फेकला जातो, आणि चिप एखाद-दोन मिलिमीटर मागेपुढे असली तरी रिफ्लेक्टरवरून परतणारा किरण वर निघून जातो. मी आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून दोन्ही बल्ब एकामागोमाग लावून पाहिले. हॅलोजनची, म्हणजे तारेच्या साध्या बल्बाची, रेघ सुरीने कापल्यासारखी होती. एलईडीचा उजेड त्या रेघेच्या वर हात-दीड हात पसरलेला होता आणि मधोमध एक भगभगीत डाग होता. तो डाग जमिनीपासून जितक्या उंचीवर होता, तितक्याच उंचीवर स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोळे असतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम नेमका याच जागेबद्दल बोलतो. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपवणार नाही इतका प्रकाशझोत कायमचा खाली वळवलेला, नाहीतर चालकाला तसा खाली वळवता येणारा असला पाहिजे, असे तो सांगतो. माझे दीर त्या रात्री जवळजवळ त्याच ठिकाणी होते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की तुम्ही गाडीचे नाव विचारता, बल्बचा नंबर पाहत नाही. एकाच नावाच्या गाडीच्या खालच्या मॉडेलला साधा रिफ्लेक्टर आणि एच४ असतो, वरच्या मॉडेलला प्रोजेक्टर (भिंगाचा हेडलाइट) आणि त्यात एच११ किंवा एचबी३ असा वेगळाच बल्ब असतो. अप्पर आणि डिप्पर यांचे बल्ब निराळे असणाऱ्या गाड्यांत तर एकाच हेडलाइटमध्ये दोन नंबर सापडतात. खरा नंबर गाडीच्या पुस्तिकेत असतो, जुन्या बल्बच्या चकतीवर ठोकलेला असतो, पुष्कळदा हेडलाइटच्या काचेवर किंवा मागच्या झाकणावरही असतो. बॉनेट उघडून तो वाचायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे वाचवली की पुढे काय होते, ते मी तुमच्याच एका दुकानाबाहेर पाहिले आहे. फॉग लॅम्पसाठी आणलेला बल्ब बसेना, तेव्हा तिथल्या मुलाने कानस घेऊन बल्बचा प्लास्टिकचा कान घासला आणि दाबून बसवला. एच८, एच९, एच११ आणि एच१६ दिसायला सख्खी भावंडे आहेत, पण एच१६ हा १९ वॅटचा, एच८ हा ३५ वॅटचा, एच११ हा ५५ वॅटचा आणि एच९ हा ६५ वॅटचा असतो. त्यांचे कान मुद्दाम वेगवेगळे ठेवलेले असतात, ते चुकीच्या जागी बसू नयेत म्हणून. १९ वॅटसाठी घडवलेल्या छोट्या प्लास्टिकच्या दिव्यात ५५ वॅटची भट्टी ठेवली, तर तो दिवा आतून वितळतो. आणि एच११ च्या टोकाला जो काळा लेप असतो, तो समोरच्याकडे थेट जाणारा उजेड अडवण्यासाठी असतो. एच९ ला तो नसतो. कान घासून एच९ बसवणारा माणूस केवळ वॅट वाढवत नाही, तर तो आडोसाही काढून टाकतो.

दुसरी तक्रार ‘नव्वद-शंभर’ची. एलईडी काढून टाकायचे ठरवून मी दुसऱ्या दुकानात गेले, तेव्हा तिथे मला १००/९० वॅटचा एच४ सुचवण्यात आला. कऱ्हाडला असलेल्या माझ्या भावाने तोच लावलेला होता आणि दिवाळीत त्याच्या गाडीचा होल्डर वितळून कपलरला चिकटलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्यामागचा हिशेब दहावीच्या पुस्तकातला आहे. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर घेतो, १०० वॅटचा ८.३ अँपिअर. तारेत आणि जोडांत निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दीडपट-पावणेदोनपट नव्हे, पावणेतीनपट. पुष्कळ जुन्या गाड्यांत ही सगळी धारा स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधून जाते. तुम्ही बल्ब विकताना जाड वायर, सिरॅमिक होल्डर, रिले (छोट्या धारेने मोठी धारा चालू-बंद करणारा स्विच) आणि योग्य फ्यूज यांचे नाव काढत नाही, किंवा काढलेच तर नंतर त्रास झाल्यावर काढता. आणि हे सगळे घातले तरी ५५ वॅटसाठी आखलेल्या रिफ्लेक्टरमधून ९० वॅटचा डिप्पर समोरच्याला त्रासदायकच ठरतो. हेडलाइटसाठी मान्य असलेला १२ व्होल्टचा एच४ हा ६०/५५ वॅटचाच आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे.

तिसरी आणि मला सर्वांत जास्त बोचणारी तक्रार ही की लाइट मंद का पडला, हे तुम्ही तपासत नाही. ग्राहक ‘उजेड कमी पडतो’ म्हणाला की तुम्ही फडताळाकडे वळता. हॅलोजन बल्बाचा उजेड व्होल्टेजवर फार नाजूकपणे अवलंबून असतो : होल्डरपाशी व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी पडले तर उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो. शेवटी मला ज्यांनी वाट दाखवली ते वयस्कर वायरमन शहराबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात. त्यांनी काहीही विकण्याआधी मल्टिमीटर काढला, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजले, लाइट चालू असताना होल्डरच्या मागे मोजले. बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि होल्डरवर १२.१. मधले १.८ व्होल्ट पुराच्या गाळाने खाल्ले होते. बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरच्या बोल्टवर हिरवट-तांबूस गंज साचला होता आणि होल्डरच्या पिना काळ्या पडल्या होत्या. त्यांनी अर्थ खरवडून नवा घट्ट केला, दोन्ही होल्डर बदलले, बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्फत नवी जाड वायर ओढली, वर्षानुवर्षांच्या उन्हाने पिवळी पडलेली हेडलाइटची काच घासून चकाकवली आणि साधे ६०/५५ चे एका जातीचे दोन बल्ब बसवले. होल्डरवर १३.५ व्होल्ट मिळाले. सगळ्याचे मिळून १,४०० रुपये झाले. त्या रात्री मी घाट चढले तेव्हा मला कड दिसत होती, वळणावरचे पांढरे खांब दिसत होते, आणि समोरून येणाऱ्या एकाही गाडीने मला डिप्पर मारला नाही.

ती गाडी तशीच्या तशी दोन वर्षे तुमच्या नजरेसमोरून गेली होती. चिपळूणमध्ये, महाडमध्ये, कोल्हापूर-सांगलीच्या पूरपट्ट्यात अशा पाण्यात बुडून निघालेल्या किती तरी गाड्या आजही फिरत आहेत. त्यांच्या मालकांना बल्ब बदलण्यापूर्वी कुणीतरी अर्थ तपासून द्यायला हवा. हे काम तुमच्याकडेच येते.

चौथी गोष्ट खोक्यांविषयी आहे. माझ्या एलईडीच्या खोक्याच्या तळाशी, बारकोडच्या शेजारी, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ अशा अर्थाची ओळ छापलेली होती. याचा अर्थ तो बल्ब सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी नाही. ही ओळ मी अपघातानंतर भिंगाने वाचली. विकताना ती मला कुणी सांगितली नाही, आणि ज्यांनी तो बल्ब माझ्या रस्त्यावरच्या गाडीत स्वतःच्या हाताने बसवला त्यांनी ती वाचली नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. तशीच लुमेनची गोष्ट. मान्यताप्राप्त एच४ बल्बाचा उजेड अप्परला सुमारे १,६५० आणि डिप्परला सुमारे १,००० लुमेन असतो. चांगल्या एलईडीलाही एका वॅटमागे शंभर-दीडशे लुमेनच्या आसपासच मिळतात. २०,००० लुमेन खरे मानायचे तर बोटाएवढ्या त्या वस्तूत दीड-दोनशे वॅट ओतावे लागतील आणि तिच्या टोकाचा पंखा त्या उष्णतेपुढे टिकणार नाही. असा आकडा दुकानात मांडून ठेवणे म्हणजे ग्राहकाला खोटी माहिती देणे आहे, आणि मालाचा दर्जा व क्षमता यांविषयी खरी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने मला दिला आहे.

‘जास्त पांढरा म्हणजे जास्त चांगला’ हा समजही तुम्हीच पसरवला आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात, आकडा वाढला की उजेड निळसर होतो. साध्या हॅलोजनचा रंग ३,२०० केल्विनच्या आसपासचा, किंचित पिवळसर असतो. ६,००० केल्विनचा निळसर पांढरा उजेड शोरूमच्या फरशीवर छान दिसतो, परंतु कोकणातल्या ओल्या डांबरावर तोही समोरच्या बाजूला परावर्तित होऊन निघून जातो, चालकाकडे परत येत नाही, आणि धुक्यात तो आपल्याच डोळ्यांपुढे पडदा उभा करतो. पावसाळ्यात कुंभार्ली, आंबोली किंवा ताम्हिणी चढलेल्या कुणालाही विचारा. निळा लेप दिलेले हॅलोजन बल्ब तर त्याहून फसवे असतात, कारण तो लेप उजेडाचा काही भाग गाळून टाकतो : वॅट तेवढेच, किंमत जास्त आणि रस्त्यावर पोहोचणारा प्रकाश कमी. ‘शंभर टक्के अधिक’, ‘दीडशे टक्के अधिक’ असे लिहिलेले नामांकित कंपन्यांचे हॅलोजन बल्ब मी यात धरत नाही. ते ठरलेल्या वॅटमध्येच असतात आणि खरोखर अधिक दूर उजेड टाकतात, परंतु त्यांची तार अधिक तापवलेली असल्यामुळे ते लवकर उडतात, आणि हे विकताना सांगितले जात नाही. रोज रात्री दूध किंवा भाजी वाहणाऱ्या गाडीला जास्त टिकणारा साधा बल्ब योग्य, क्वचित घाटातून जाणाऱ्याला हा योग्य, एवढा सल्ला द्यायला काय हरकत आहे?

बल्बाची काच उघड्या बोटांनी धरून ‘चालू आहे, बघून घ्या’ म्हणत बॅटरीवर लावून दाखवण्याची पद्धतही बंद व्हायला हवी. हॅलोजनची क्वार्ट्झ काच अतिशय तापते आणि बोटांचे तेल लागलेली जागा निराळी तापून तिथून काच कमकुवत होते. महिन्याभरात उडालेल्या कित्येक बल्बांचे कारण तुमच्या काउंटरवर आहे. चकतीला धरा, किंवा स्वच्छ फडके वापरा.

तुमची बाजू मी समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. तिसऱ्या दुकानातल्या गृहस्थांनी मला शांतपणे सांगितले की ग्राहक स्वतःच पांढरा लाइट मागतो, आम्ही नाही दिला तर शेजारी घेतो, नाहीतर ऑनलाइन मागवतो. साध्या बल्बात दहा-वीस रुपये सुटतात आणि त्यात दुकानाचे भाडेही निघत नाही. यात तथ्य आहे. मोबाइलवर मागवलेल्या बल्बाने गल्लीत येणारा माणूसही तितकाच आंधळा होतो, हेही खरे. परंतु ऑनलाइन विकणारा माझी गाडी पाहू शकत नाही, तुम्ही पाहू शकता. मी तुमच्याकडे आले ती वस्तूसाठी नव्हे, तुमच्या नजरेसाठी आणि हातासाठी आले होते. त्या वायरमननी १,४०० रुपयांतला मोठा भाग मजुरीचा घेतला आणि तो मी आनंदाने दिला. तपासणीचे पैसे घ्या. फोकस लावण्याचे पैसे घ्या. ते मागायला संकोच वाटावा असे त्यात काही नाही.

आणि पाटीवरच्या त्या वाक्याबद्दल. जबाबदारी मालकाची आहे, हे कायद्याने खरे आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमानुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही गोष्ट विकताना मला माहीत नव्हती, तुम्हाला माहीत होती. जी माहिती पाटीवर लिहिण्याइतकी स्पष्ट होती, ती पैसे घेण्यापूर्वी सांगितली गेली असती तर मी तो बल्ब घेतला नसता.

एलईडीला माझा सरसकट विरोध आहे असे कुणी समजू नये. कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट बसवून आलेल्या गाडीत लेन्स, रिफ्लेक्टर आणि चिप एकमेकांसाठी घडवलेली असतात, तिथे प्रश्न फक्त फोकसचा उरतो. जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणारा एच७ जातीचा एलईडी बल्ब रस्त्यासाठी मान्य झाला, पण कोणत्या गाडीच्या कोणत्या हेडलाइटमध्ये त्याची चाचणी झाली आहे, याची यादी सोबत असते आणि यादीबाहेरच्या गाडीत तो चालत नाही. तुमच्या दुकानांतल्या एकाही खोक्यासोबत मी अशी यादी पाहिलेली नाही. ती असती, तर मी स्वतः पुन्हा एलईडी घेतला असता.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

ज्यावर ‘ऑफ-रोड’ अशी ओळ आहे, तो बल्ब, मग तो एलईडी असो, एचआयडी (वायूच्या दिव्याचे) किट असो वा नव्वद-शंभर, रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत बसवून देणे थांबवावे. दुकानात तो ठेवायचाच असेल तर त्या ओळीचे मराठी भाषांतर ठळक अक्षरांत खोक्यासमोर लावावे.

बल्ब देण्यापूर्वी बॉनेट उघडून जुन्या बल्बाचा नंबर वाचावा आणि बिलावर तो नंबर, वॅट आणि कंपनीचे नाव लिहावे. बिल मागितल्याशिवाय द्यावे. खोक्यावर नव्हे, प्रत्यक्ष बल्बाच्या चकतीवर वर्तुळातील ‘ई’ व त्यापुढचा आकडा (ही आंतरराष्ट्रीय मान्यतेची खूण), किंवा भारतीय मानकाची खूण आहे की नाही, हे ग्राहकाला दाखवावे. नामांकित कंपन्यांच्या खोक्यांत नकली माल येतो, ही तुमचीही तक्रार असते, तिच्यावर हाच उपाय आहे.

‘उजेड कमी’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या होल्डरवरचे व्होल्टेज आधी मोजावे. मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत येतो.

प्रत्येक दुकानाजवळ, किंवा चार दुकाने मिळून एका सपाट जागी, फोकस तपासण्याची एक भिंत असावी. १० मीटरवर गाडी उभी करून हेडलाइटच्या मध्याइतक्या उंचीवर एक रेघ आणि तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ आखली की पुरे. डिप्परची कड दुसऱ्या रेघेवर यायला हवी. बल्ब योग्य असला तरी तो बदलल्यावर हे पाहावे, आणि मागच्या सीटवर माणसे व डिकीत सामान भरले की गाडीचे नाक वर उठते, त्यासाठी पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डवर झोत खाली घेण्याचा एक खटका दिलेला असतो, हेही ग्राहकाला सांगावे. तो खटका कशासाठी आहे हे मला गाडी घेतल्यापासून ११ वर्षे माहीत नव्हते.

संघटनांनी एक काम करावे. मोटारींच्या दिव्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आपल्या राज्यातच, पुण्यात आहे. तिच्याशी आणि परिवहन विभागाशी पत्रव्यवहार करून, कोणत्या गाडीला कोणता बल्ब, याचा मराठी तक्ता तयार करून घ्यावा आणि तो प्रत्येक सदस्याच्या दुकानात लावावा. ‘जबाबदारी गाडीमालकाची’ या पाटीची जागा त्याला पुरेल.

शेवटी एक विनंती. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर मी मुलांच्या मदतीने वर सांगितल्याप्रमाणे दोन रेघा मारल्या आहेत आणि मुख्याध्यापकांनी शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ ती जागा वापरण्याची परवानगी दिली आहे. तुमच्यापैकी कुणालाही आपल्या दुकानातला कोणताही बल्ब तिथे लावून पाहायचा असेल तर अवश्य यावे. माझ्याकडचे ते दोन एलईडी बल्ब मी टाकून दिलेले नाहीत, तेही तिथे असतील. रेघेच्या वरचा डाग किती उंचीवर पडतो हे दाखवण्यासाठी माझे दीर स्कूटर घेऊन भिंतीपाशी उभे राहायला तयार आहेत. पुढच्या महिनाअखेरपर्यंत एखाद्या तरी संघटनेचे लेखी उत्तर यावे, अशी अपेक्षा करते.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका व वाहनचालक,
चिपळूण, जिल्हा रत्नागिरी